सेवानिवृत्त आवाज आणि आमचें कर्तव्य

सरकारी नोकरींतील मनुष्य ठराविक वयास निवृत्त होतो. कचेरींत छोटासा समारंभ होतो, शाल व श्रीफळ देण्यांत येतें, दोघे तिघे बोलतात, सत्कारमूर्तीचा कंठ थोडा दाटून येतो आणि दुसऱ्या दिवशीं त्याच्या खुर्चीवर दुसरा बसतो. तलाठी, मामलेदार, शाळामास्तर, सर्वांचा हाच क्रम आहे व त्यांत वाईट असें कांहीं नाहीं. परंतु कांहीं माणसांची नोकरी अशी असते कीं, ज्यांच्यासाठीं ती केली त्यांना तिचा निरोपसमारंभ कधींच पाहावयास मिळत नाहीं. नभोवाणीवरून शेतकऱ्यांशीं बोलणारा मनुष्य हा त्यांपैकीं होय. तो रोज हजारों घरांत जातो, पण कोणाच्याहि ओटीवर पाण्याचा तांब्या घेत नाहीं. एके दिवशीं त्याच्या जागीं निराळा आवाज येतो. घरांतील वडील माणूस क्षणभर कान देतें आणि म्हणतें, "आज तो नाहीं वाटतें." एवढाच त्याचा निरोप.

अशा माणसांविषयीं ह्या अंकांत चार शब्द लिहावे असें आम्हांस वाटलें. हेतु केवळ आठवणी काढण्याचा नाहीं. आठवणी काढून उसासे टाकणें हें शेतकऱ्याच्या धंद्यांत बसत नाहीं. मागील हंगाम आठवावयाचा तो पुढील हंगामासाठीं. ज्यांनीं आयुष्य खर्चून शेतकऱ्यांशीं बोलण्याची विद्या कमावली, ते निवृत्त झाल्यावर ती विद्या कोठें जाते, आणि ती राखण्यासाठीं आपण कांहीं केलें काय, हा आमचा प्रश्न आहे.

मुंबईचें ध्वनिक्षेपण केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें. आरंभीं तें शहरांतील सुखवस्तु मंडळींच्या हौसेचें साधन होतें व खेड्याशीं त्याचा फारसा संबंध नव्हता. तथापि थोड्याच वर्षांत कांहीं विचारी लोकांच्या ध्यानांत आलें कीं, ज्या देशांत बहुसंख्य लोकांस अक्षरओळख नाहीं तेथें कानांवाटे जाणारें ज्ञान हेंच सर्वांत जवळच्या वाटेचें ज्ञान होय. १९३३ सालीं आपल्या शेजारच्या भिवंडी भागांत खेड्यांसाठीं ध्वनिक्षेपणाचा लहानसा प्रयोग करण्यांत आला. ही गोष्ट आज आपल्या जिल्ह्यांत फार थोड्यांच्या स्मरणांत आहे, म्हणून ती येथें मुद्दाम नमूद करितों. पुढें ८ जून १९३६ रोजीं ह्या खात्यास ऑल इंडिया रेडिओ हें नांव मिळालें, आणि स्वातंत्र्यानंतर २ ऑक्टोबर १९५३ रोजीं पुण्याचें केंद्र सुरू झालें.

ह्या पुणें केंद्रावर १९५५ सालीं ग्रामीण कार्यक्रमांच्या विभागांत एक तरुण रुजू झाला. त्याचें नांव व्यंकटेश माडगूळकर. महाराष्ट्र त्यांस लेखक म्हणून ओळखतो, आणि तें यथार्थ आहे. 'माणदेशी माणसं' १९४९ सालीं व 'बनगरवाडी' १९५५ सालीं प्रसिद्ध झाली. 'सत्तांतर' ह्या कादंबरीस १९८३ सालीं साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि त्याच वर्षीं अंबाजोगाईच्या साहित्य संमेलनाचें अध्यक्षपद त्यांजकडे आलें. परंतु ह्या सर्व काळांत त्यांच्या चरितार्थाची नोकरी आकाशवाणीची होती, आणि ती शेतकऱ्यांसाठीं होती, हें साहित्याच्या चर्चेंत सहसा कोणी सांगत नाहीं. साहित्यिकांनीं ते आपले म्हणून घेतले. शेतकऱ्यांनींहि त्यांवर आपला हक्क सांगण्यास हरकत नाहीं.

माडगूळकर ६ जुलै १९२७ रोजीं जन्मले, म्हणजे मुंबईचें केंद्र सुरू होण्यापूर्वीं अवघे सतरा दिवस. ते माणदेशांतील माडगूळचे. पाऊस जेथें पाहुण्यासारखा येतो, मेंढरें हेंच जेथें धन, अशा मुलुखांत त्यांचें बालपण गेलें. कोवळ्या वयांत त्यांनीं खेड्यांतील शाळेंत मास्तरकी केली, १९४२ च्या चळवळींत उडी घेतली. शिक्षण म्हणाल तर मोठी पदवी त्यांजपाशीं नव्हती. तरीहि खेडुतांशीं बोलण्याच्या कामीं त्यांची निवड झाली, ती निवडणाऱ्यांच्या चांगुलपणाची व दूरदृष्टीची साक्ष होय. शंकर पाटील हे दुसरे कथालेखकहि कांहीं काळ ह्याच आकाशवाणीच्या नोकरींत होते. खेड्यांतील माणूस कसा बोलतो, कोठें थांबतो, कोणत्या गोष्टीस हसतो आणि कोणती गोष्ट ऐकून घेऊन मनांत ठेवतो, हें ज्यांस ठाऊक अशीं माणसें खात्यानें शोधून घेतलीं होतीं. शेतकी खात्याचें पत्रक वाचून दाखविणें हें कोणाहि साक्षराचें काम आहे. तेंच पत्रक बांधावर बसून सांगितल्यासारखें सांगणें हें निराळें काम आहे, आणि त्यासाठीं निराळा माणूस लागतो.

१९५६ सालीं पुणें केंद्रावरून जो प्रयोग झाला तो तर जगाच्या पाठीवर नांवाजला गेला. संयुक्त राष्ट्रांच्या युनेस्को संस्थेच्या साह्यानें पुणें, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा व कोल्हापूर ह्या पांच जिल्ह्यांत सुमारें १५० खेडीं निवडलीं. प्रत्येक गांवीं ऐकणारांचें एक मंडळ स्थापिलें. आठवड्यांतून दोनदां अर्ध्या तासाचा कार्यक्रम होई. असे एकंदर वीस कार्यक्रम झाले. कार्यक्रम संपला कीं मंडळी उठून जात नसत. ऐकलेल्या गोष्टीवर चर्चा होई, आपल्या गांवास काय लागू पडतें व काय पडत नाहीं हें ठरे, शंका लिहून केंद्राकडे पाठविल्या जात आणि पुढील कार्यक्रमांत त्यांचीं उत्तरें मिळत. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेंतर्फे पॉल न्यूरॅथ ह्या समाजशास्त्रज्ञांनीं प्रयोगाची तपासणी केली. जेथें मंडळ होतें तेथें लोकांच्या माहितींत जी भर पडली, ती नुसता रेडिओ असलेल्या पण मंडळ नसलेल्या गांवांहून पुष्कळच अधिक होती, असें त्यांस आढळलें. कॅनडांत १९४१ पासून शेतकऱ्यांचीं अशीं मंडळें चालूं होतीं; 'वाचा, ऐका, चर्चा करा, कृति करा' असें त्यांचें ब्रीद होतें. तें बीज आपल्या दख्खनच्या मातींत रुजतें, हें पुण्यानें दाखविलें. १९५९ च्या अखेरीस ही योजना देशभर नेण्यांत आली.

ह्यांतून काय उगवूं शकतें ह्याचें एक उदाहरण भात पिकविणाऱ्या आम्हां लोकांनीं लक्षांत ठेवण्यासारखें आहे. तामिळनाडूंतील तंजावर भागांत १९६० नंतरच्या दशकांत 'एडीटी २७' नांवाची भाताची नवी जात आली. तिची माहिती शेतकऱ्यांस नभोवाणीवरून इतक्या चांगल्या रीतीनें मिळाली कीं, लोक तिला 'रेडिओ भात' असेंच म्हणूं लागले. बियाण्यास सांगणाराच्या नांवानें ओळखावें, ह्याहून मोठें मानपत्र कोणत्या खात्यास मिळणार?

आतां आमच्या मुलुखाकडे वळूं. डोळखांब, शहापूर, मुरबाड हा प्रदेश त्या पांच जिल्ह्यांत नव्हता. आमच्याकडे मंडळें झालीं नाहींत. सह्याद्रीच्या कड्याखालीं, आजोबाच्या डोंगराच्या सावलींत राहणारे आम्ही, आमच्या कानीं येई तो मुंबईचा आवाज. आमचें आणि मुंबईचें नातें मोठें विलक्षण आहे. तानसा व भातसा येथून आमचें पाणी मुंबईस जातें, आणि मुंबईहून आमच्याकडे बातमी येते. ह्या देवघेवींत कोणास अधिक मिळालें, हा हिशेब उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहणाऱ्या शहापूर तालुक्यांतील बायकांस विचारावा.

पण जें मिळालें तें नाकारणें कृतघ्नपणाचें होईल. आमच्या लहानपणीं आमच्या ओटीवर बॅटरीचा रेडिओ होता. तो धुळीपासून जपण्यासाठीं आजीनें त्यास जुन्या लुगड्याची खोळ शिवली होती. आश्विन-कार्तिकांत भात कापून खाचरांत पसरलेलें असे, आणि आभाळाच्या कडेला ढग दिसला कीं घरांतल्या कर्त्या माणसाचें जेवणांत लक्ष नसे. संध्याकाळीं हवामानाचा अंदाज सांगत तेव्हां ओटीवर सर्वजण गप्प बसत. एके वर्षीं पावसाची सूचना ऐकून वडिलांनीं रात्रींच माणसें गोळा केलीं, कंदिलाच्या उजेडांत भारे बांधून उडवी रचली आणि वर पेंढ्याचें शाकारण घातलें. पहाटे पाऊस कोसळला. ज्यांचें भात खाचरांत राहिलें त्यांच्या लोंब्यांस आठ दिवसांत मोड आले. त्या दिवशीं आमच्या वडिलांनीं त्या न पाहिलेल्या माणसास 'तो आपला माणूस' म्हटलें, तें आम्हांस अद्याप आठवतें. त्याचें नांवहि आम्हांस ठाऊक नव्हतें.

ह्या आठवणीस दुसरी बाजू आहे आणि ती लपविणें योग्य नव्हे. रेडिओ आमच्या ओटीवर होता; कामास येणारा कातकरी व ठाकूर गडी अंगणांत बसून ऐके. त्याच्या वरकस तुकड्यावरील नागली-वरीविषयीं रेडिओ क्वचितच बोले. त्यानें कांहीं विचारावें असें त्यास कोणी सांगितलें नाहीं, आणि आम्हीं जमीनवाल्यांनींहि त्याच्या वतीनें कधीं पत्र धाडलें नाहीं. राब भाजावा कीं न भाजावा, भाजल्यानें काय मिळतें व काय जळतें, गिरिपुष्पाचा पाला खाचरांत गाडल्यास किती खत वांचतें, गादमाशीनें पोंगे धरले तर काय करावें, हे आमचे प्रश्न आमच्याच ओटीवर राहिले. मुंबईच्या माणसास ते कळावे कसे? आम्ही ऐकत राहिलों, बोललों नाहीं. मंडळ असलेल्या गांवांत आणि आमच्या गांवांत जो फरक होता तो हाच.

पुढें २ ऑक्टोबर १९७२ रोजीं मुंबईचें दूरदर्शन सुरू झालें आणि 'आमची माती आमची माणसं' हा कार्यक्रम घरोघर ओळखीचा झाला. त्याचे निर्माते म्हणून शिवाजी फुलसुंदर ह्यांचें नांव शेतकऱ्यांस परिचयाचें आहे. शेतकऱ्यास कार्यक्रमांत बोलावून त्याच्याच तोंडून त्याचा अनुभव वदविणें ही ह्या कार्यक्रमाची थोरवी. त्यांतील 'गप्पागोष्टी' मध्यें राजा मयेकरांसारखे लोकनाट्यांतले नट हसतां हसतां शेतकीची गोष्ट सांगत, आणि ती ध्यानांत राही. इंग्लंडांतहि महायुद्धानंतर धान्य वाढविण्याच्या निकडीमुळें बी. बी. सी. ने १ जानेवारी १९५१ पासून 'द आर्चर्स' नांवाची शेतकरी कुटुंबाची श्रुतिकामाला देशभर सुरू केली होती. उपदेश गोष्टींत घालून द्यावा ही युक्ति आपल्या कीर्तनकारांस फार पूर्वींपासून ठाऊक आहे. दूरदर्शनानें ती ओळखली एवढेंच.

बातम्या देणारांचाहि उल्लेख केला पाहिजे. पुण्याहून प्रादेशिक बातम्या देणाऱ्या सुधा नरवणे ह्यांचा आवाज ज्यांनीं सकाळीं ऐकला, त्यांस त्या आवाजावर घड्याळ लावण्याची संवय होती. मुंबई दूरदर्शनवर प्रदीप भिडे ह्यांनीं अनेक वर्षें बातम्या दिल्या. ७ जून २०२२ रोजीं त्यांचें निधन झालें. माडगूळकर तर २८ ऑगस्ट २००१ रोजींच गेले होते. ह्या सर्वांच्या बोलण्यांत एक गुण समान होता. ते ओरडत नसत. वाईट बातमी सांगतांनाहि ऐकणाराच्या काळजाचा ठोका चुकेल अशा रीतीनें ती सांगत नसत. शेतकऱ्यास घाबरविणारा नको असतो. खरें सांगणारा पाहिजे असतो. भाव पडले तर पडले म्हणावें, पाऊस येणार तर येणार म्हणावें, आणि ठाऊक नसेल तर ठाऊक नाहीं म्हणावें. हा विश्वास एका दिवसांत मिळत नाहीं. एकाच माणसानें वर्षानुवर्षें एकाच ठिकाणाहून खरें बोलावें लागतें, तेव्हां तो मिळतो. म्हणूनच असा माणूस निवृत्त होतो तेव्हां खात्याची केवळ एक जागा रिकामी होत नाहीं. एक सांचलेली पुंजी खर्चीं पडते.

आणि ही पुंजी पुन्हां जमविण्याची आस्था दिसत नाहीं, हें आमचें दुःख आहे. २०२३ च्या जून महिन्यांत पुणें आकाशवाणीचा प्रादेशिक वृत्तविभाग तेथून हालविण्याचा निर्णय झाला. लोकांनीं विरोध केला म्हणून तो थांबला. २०२४ च्या मार्चअखेर देशांतील १९९ जिल्हा कृषि हवामान कक्ष बंद करण्यांत आले. कक्ष बंद होणें आणि आवाज निवृत्त होणें ह्या एकाच जातीच्या गोष्टी आहेत. दोहोंचाहि अर्थ असा कीं, जवळचा माणूस जाऊन दूरचें यंत्र येतें. यंत्राची आम्ही निंदा करीत नाहीं. २००४ पासून शेतकऱ्यांसाठीं दूरध्वनीवर सल्ला मिळतो, २०१५ च्या मे महिन्यांत शेतकऱ्यांसाठीं स्वतंत्र दूरदर्शन वाहिनी निघाली, मोबाईलवर हवामान कळतें. हीं साधनें चांगलीं आहेत. परंतु डोंगराच्या कुशींतील पाड्यांवर मोबाईलची रेंज अजूनहि येते आणि जाते, आणि जेव्हां येते तेव्हां खरा अंदाज व कोणीतरी पुढें ढकललेली अफवा हीं दोन्ही एकाच खिडकींतून एकाच वेषांत आंत शिरतात. त्यांतील खरें कोणतें हें सांगणारा ओळखीचा आवाज नाहीं. २००९ च्या नोव्हेंबरांत फयान वादळ आलें, २०१९ च्या ऑक्टोबरांत परतीच्या पावसानें कापलेलें भात कुजविलें. अशा वेळीं शेतकऱ्यास जिल्ह्याचा अंदाज पुरत नाहीं. आज कापावें कीं दोन दिवस थांबावें, एवढेंच त्यास हवें असतें, आणि तें त्याच्या भाषेंत हवें असतें.

मग करावें काय? सरकारकडे गाऱ्हाणें नेणें हा एक मार्ग आहे व तो सोडावा असें आम्ही म्हणत नाहीं. खात्यानें निदान तीन गोष्टी कराव्या. निवृत्त होणाऱ्या ग्रामीण कार्यक्रमाच्या कार्यकर्त्यास शाल देण्यापूर्वीं त्याच्यासमोर बसून त्याचा अनुभव ध्वनिमुद्रित करून घ्यावा. त्यास आलेलीं शेतकऱ्यांचीं पत्रें व त्याच्या वहींतील माहीतगार शेतकऱ्यांचीं नांवें पुढील माणसाच्या हातीं द्यावीं. आणि तो पुढील माणूस नेमतांना पदवीबरोबर त्यास चिखलाची ओळख आहे किंवा नाहीं हेंहि पाहावें. माडगूळकरांस नेमणाऱ्यांनीं तें पाहिलें होतें.

परंतु आमचा मुख्य रोख सरकारवर नसून आपणांवरच आहे. १९५६ च्या प्रयोगांतील मंडळांस लागलें काय होतें? एक रेडिओ, पंधरा वीस माणसें, लिहितां येणारा एक चिटणीस आणि आठवड्यांतून दोन संध्याकाळीं. ह्यांत आज आपणांस न परवडणारें असें काय आहे? डोळखांबच्या बाजारास आसपासच्या गांवचे लोक येतातच. आपल्या संघाच्या सभासदांनीं गांवोगांव असें ऐकणारांचें मंडळ काढावें, हवामान खात्याकडून दर मंगळवारीं व शुक्रवारीं निघणारा कृषिसल्ला तेथें मोठ्यानें वाचावा, त्यावर चर्चा करावी आणि आपले प्रश्न आकाशवाणीस, कर्जतच्या भात संशोधन केंद्रास व कृषि विद्यापीठास लिहून धाडावे. मंडळांत बसतांना ओटी आणि अंगण हा भेद ठेवूं नये. वरकस जमीन कसणारा कातकरी त्याच सतरंजीवर बसला पाहिजे, कारण नागलीविषयीं त्यास जें ठाऊक आहे तें आपणांस नाहीं.

ह्याच्या पुढची पायरीहि अशक्य नाहीं. २००६ सालच्या धोरणानें नोंदलेल्या सेवाभावी संस्था व कृषिविज्ञान केंद्रें ह्यांस स्वतःचें लहान नभोवाणी केंद्र चालविण्याची मुभा मिळाली. बारामतीच्या कृषिविज्ञान केंद्रानें 'शारदा कृषी वाहिनी' काढली. ज्या माणदेशांतून माडगूळकर पुण्यास गेले त्याच माणदेशांत म्हसवड येथें 'माणदेशी तरंग' नांवाचें केंद्र निघालें व तेथील बायाबापड्या स्वतः त्यावर बोलूं लागल्या. एका पिढींत माणदेशाचा माणूस बोलण्यासाठीं शहरांत गेला. पुढच्या पिढीनें बोलण्याचें ठिकाणच गांवीं आणलें. आपल्या शहापूर-मुरबाडच्या खोऱ्यांत असें केंद्र कां निघूं नये? त्याचा आवाज फार दूर जाणार नाहीं हें खरें. पण आपल्या खाचरांपर्यंत पोंचला म्हणजे पुरे आहे.

अशा केंद्रास पहिला गुरु कोण मिळेल, हा प्रश्न कोणी विचारील. त्याचें उत्तर सोपें आहे. आकाशवाणी व दूरदर्शन ह्यांतून निवृत्त झालेलीं माणसें ठाण्यास, कल्याणास, पुण्यास आपल्या घरीं आहेत. त्यांच्या गळ्यांत आवाज आहे, मनांत अनुभव आहे आणि हातीं वेळ आहे. त्यांस सत्काराचें निमंत्रण पुष्कळ येत असेल. कामाचें निमंत्रण क्वचित येत असावें. आपण त्यांस आपल्या गांवीं बोलवावें, एक वेळ नवीन तांदळाचा भात जेवूं घालावा, आणि आपल्या दहा मुलामुलींस त्यांच्यापुढें बसवून सांगावें कीं, इतकीं वर्षें आपण आम्हांस जें ऐकविलें तें बोलावयाचें कसें, हें आतां ह्यांस शिकवा. एवढी वर्षें जो आमच्या ओटीवर येऊनहि पाण्याचा तांब्या घेऊं शकला नाहीं, त्यास तो देण्याची हीच वेळ आहे.

येत्या आवणीपूर्वीं ज्या गांवांत असें मंडळ काढण्याची तयारी असेल, तेथील सभासदांनीं संघाच्या चिटणिसांस कळवावें. आलेलीं नांवें आम्ही पुढील अंकीं प्रसिद्ध करूं.